हॉलचा रंग जवळपास ठरला, आता पॅसेज

तर हॉलसाठी राखाडी झाक असलेला फिकट हिरवाच नक्की होतोय. शेडकार्डावर तो इतका मवाळ दिसतो की कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही, पण मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून वाळल्यावर भिंतीला टेकवला आणि जीवच जडला त्याच्यावर.

सॅम्पल पुठ्ठ्यावरच करा, हे परत परत सांगावंसं वाटतं. जुन्या पिवळसर भिंतीवर नवीन पट्टा मारला की शेजारचा पिवळा त्याला निळ्याकडे ढकलतो आणि आपण भलत्याच रंगावर मत बनवतो. शेव्हरल या फ्रेंच केमिस्टने हे १८३९ मध्येच सविस्तर मांडलंय, तो टेपेस्ट्रीच्या (विणलेल्या चित्रपडद्यांच्या) कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता आणि काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली तेव्हा दोष काळ्या रंगात नाही, त्याच्या शेजारच्या धाग्यांत निघाला! म्हणून पुठ्ठ्याला चारी बाजूंनी पांढरी कड सोडायची. आणि दोन पुठ्ठे कोपऱ्यात काटकोनात ठेवून बघाच, दोन्ही भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि तोच शेड चांगला गडद वाटायला लागतो. पूर्ण खोली रंगवल्यावर काय होणार त्याचा अंदाज तिथेच येतो.

उजेडाचं म्हणाल तर सकाळी हॉलमध्ये थेट ऊन नसतं, नुसता आकाशाचा निळसर उजेड, तेव्हा हा हिरवा जवळजवळ राखाडी होतो, संध्याकाळचं तिरपं ऊन आलं की त्यातला हिरवा वर येतो, आणि रात्री २७०० केल्विनच्या पिवळ्या बल्बखाली थोडा मातकट. तिन्ही वेळा आवडला म्हणून हा टिकला. दुसरा जो होता, थोडा निळसर हिरवा, तो दिवसा याच्याइतकाच छान होता पण बल्बखाली पार मेला. ४००० केल्विनचा, म्हणजे जास्त पांढरट, आणि सीआरआय (बल्ब रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) ९० च्या वर असलेला बल्ब लावला तर बराच सावरला, पण रात्री हॉलमध्ये मला पिवळाच उजेड हवाय, त्यामुळे तो बाद.

फिनिश मॅट. लांब भिंतीवर खिडकीतून आडवा उजेड पडतो, किंचित चकाकीचं सॅटिन मारलं तर पुट्टीची प्रत्येक लाट दिसेल. सॅम्पलही त्याच फिनिशमध्ये घ्या, चकाकी वाढली की शेड जास्त गडद वाटतो.

आता पॅसेज. तिथे खिडकीच नाही आणि सगळे म्हणतात पांढरा मार, उजेड वाढेल. मला नाही पटत. पांढऱ्याचा एलआरव्ही (पडलेल्या उजेडातला किती टक्के परत फेकतो तो आकडा) ८५ असो नाहीतर ९०, तो पडलेला उजेडच परत फेकणार ना, मुळात उजेडच कमी असेल तर तो पांढरा मळकट राखाडी दिसतो, विशेषतः कोपऱ्यांत. त्यापेक्षा हॉलच्याच पट्टीतला दोन घरं खालचा गडद हिरवा घ्यायचा, छत फिकट ठेवायचं आणि दारं हॉलच्या रंगात, म्हणजे पॅसेजमधून हॉलमध्ये आलं की हॉल आणखी मोकळा वाटेल. गडद शेडला खाली टिंट केलेला (रंगाची झाक दिलेला) प्रायमर लागेल, नाहीतर दोन हातांत झाकणार नाही. पण आधी तिथले बल्ब बदलतोय, मगच पुठ्ठे लावणार, कारण तिथे दिवसरात्र तोच एक उजेड आहे.