चाकणचा संग्रामदुर्ग : वेढ्याच्या क्रमाने पाहावा असा भुईकोट

पुण्याहून नाशिक रस्त्याने साधारण ३० किलोमीटरवर असलेल्या चाकणच्या भर वस्तीत संग्रामदुर्ग उभा आहे. सिंहगड-राजगडाची सवय असलेल्या पुणेकराला येथे प्रथमदर्शनी थोडेच दिसते: ढासळलेली तटबंदी, काही बुरूज, बुजत चाललेला खंदक आणि आत विष्णूचे मंदिर. म्हणूनच १६६० च्या वेढ्याची हकिगत आधी वाचून जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

अहमदनगरहून पुण्याकडे येणारी रसद या ठाण्याच्या टापूतून जात असल्याने शायिस्तेखानाला चाकण हवेच होते. त्या वर्षी जूनमध्ये त्याने वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी तुटपुंज्या शिबंदीनिशी ऐन पावसाळ्यात सुमारे ५५ दिवस किल्ला झुंजवला. अखेर मोगलांनी ईशान्येच्या बुरुजाखाली भुयार खणून सुरुंग भरला आणि १४ ऑगस्टला तो उडवला. बुरूज कोसळला, तरी आतल्यांनी मागे मातीचा आडोसा रचून ठेवलेला असल्यामुळे किल्ला त्या दिवशी पडला नाही. दुसऱ्या दिवशीच्या हल्ल्यानंतर तो मोगलांच्या हाती गेला. खानाने देऊ केलेली चाकरी फिरंगोजींनी नाकारली.

किल्ल्याची मूळ आखणी चौकोनी असून प्रवेश पूर्वेकडून, एकामागून एक येणाऱ्या दरवाजांतून होता. त्यामुळे आधी बाहेरून खंदकाच्या कडेने चालावे, ईशान्य कोपऱ्याशी थांबून वेढा घालणाऱ्याच्या नजरेने तटाकडे पाहावे आणि मगच आत शिरावे. या सपाट मैदानात डोंगराचा कसलाही आधार नाही, हे तेथे उभे राहिल्यावर जसे उमगते तसे नकाशावरून उमगत नाही. ज्या चाकणहून १४५३ मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुजार याने कोकणच्या मोहिमा चालवल्या, त्या ठाण्याला आज घरांनी वेढले आहे, याचे मनापासून वाईट वाटते.

चाकणला पुण्याहून एसटी आणि भोसरीहून पीएमपीची बस मिळते. औद्योगिक वसाहतीच्या मालमोटारींमुळे मुख्य चौकात फार खोळंबा होतो, म्हणून सकाळी लवकर निघावे. पावसाळ्यात तटावर गवत माजते आणि दगड निसटतात, तेव्हा पायांत बूट आणि अंगात पूर्ण लांबीची विजार असावी. सुट्या झालेल्या तटावर मुलांना चढू देऊ नये. सावली थोडी आहे, पाणी जवळ बाळगावे. फोटोसाठी सकाळचे तिरपे ऊन चांगले.

किल्ला तासा-दीड तासात नीट पाहून होतो. त्यानंतर गावातील चक्रेश्वर मंदिरात जाऊन तेथील जुनी शिल्पे, विशेषतः वराहाची मूर्ती, अवश्य पाहावी. स्वतःचे वाहन असल्यास परतताना तळेगाव रस्त्याने इंदोरीचा दाभाड्यांचा भुईकोटही त्याच सकाळी होऊ शकतो.