भंडारदरा किती भरलं?

दुपारच्या जेवणानंतर पेपर चाळताना धरणसाठ्याची चौकट दिसली, की माझं बोट अजूनही आधी भंडारदऱ्यावर जातं. आमच्या घरी ही चौकट म्हणजे वडिलांची पोथी होती. धरणाच्या खाली, ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरा नदीचे कालवे फुटतात, त्यातल्या एकावर आमचं शेत. त्यामुळे पावसाळ्यात शेजारपाजारी 'पाऊस काय म्हणतोय' असं विचारत नसत. 'भंडारदरा किती भरलं?' एवढंच. पंधरा ऑगस्टच्या आत भरलं, तर वडील त्या दिवशी कुणावर खेकसत नसत.

म्हणून कुणी या पाण्याला 'निसर्गाची देणगी' म्हटलं की माझं डोकं फिरतं. कसली देणगी? रतनगडाच्या कुशीतून उड्या मारत येणारी प्रवरा इंग्रजांनी दगडी भिंत घालून अडवली. काम १९१० मध्ये सुरू झालं, १९२६ मध्ये संपलं. भिंतीला गव्हर्नर विल्सनचं नाव दिलं, जलाशयाला आर्थरचं. लोकांनी दोन्ही बाजूला सारून भंडारदराच म्हटलं, हे बरं झालं. १९६९ मध्ये भिंतीला तडे गेले, तेव्हा तिला टेकू देऊन सावरावं लागलं. आणि तो प्रसिद्ध छत्री धबधबा! भिंतीतली मोरी उघडली की पाणी खालच्या गोलसर खडकावर आपटतं, चहूबाजूंनी पसरतं, लोक भिजत किंचाळतात. मोरी बंद केली की उरतो नुसता खडक. त्याची चावी पाटबंधारे खात्याकडे असते.

मला भंडारदरा आवडतं ते मे महिन्यात. काजव्यांची गर्दी अजून व्हायची असते, सेल्फीवाले फिरकत नाहीत. धरणातल्या अकरा टीएमसीतलं (म्हणजे अकरा अब्ज घनफुटांतलं) बरंचसं पाणी तोवर खाली उसाला गेलेलं असतं. रतनवाडीच्या बाजूला गाळ उघडा पडतो, तळहाताएवढ्या खपल्या होऊन भेगाळतो, आणि त्यात नदीच्या जुन्या पात्राची वळणं दिसायला लागतात. तिथल्या अमृतेश्वराच्या देवळाने ही नदी मोकळी वाहताना कित्येक शतकं पाहिली आहे.

अशाच एका मेमध्ये वरच्या वाडीतली एक बाई झऱ्याच्या खड्ड्यात उतरून वाटीने हंडा भरत होती. वाटीभर पाणी काढायचं, पुन्हा साचायची वाट बघायची. समोर, उतारावरून दिसत होतं, धरणात अजून पाणी होतं. मी म्हटलं, "मावशी, एवढं पाणी समोर असताना?"

"ते खालच्यांचं," ती म्हणाली आणि वाटी पुन्हा बुडवली.

खालचे म्हणजे आम्हीच.