पाहुणा संघ येत नाही

इंडियाना राज्यातल्या एका छोट्या कॉलेजच्या क्रीडा विभागात मी तिकिटांचं काम बघते. तुला बास्केटबॉलमधलं काय कळतं, असं नोकरी लागली तेव्हा मिरजेतल्या प्रत्येकाने विचारून घेतलं. काहीच कळत नव्हतं. पण इंडियानात राहून हा खेळ कानावर न येणं अशक्य. इथे गावच्या शाळेच्या हॉलमध्ये सगळं गाव मावतं, आणि १९५४ साली मिलान नावाच्या खेड्यातल्या १६१ मुलांच्या शाळेने राज्याचं विजेतेपद कसं पटकावलं, हे अजूनही कालचीच गोष्ट असल्यासारखं सांगतात.

२०२० च्या डिसेंबरात मात्र माझ्याकडे विकायला तिकिटंच नव्हती. हॉलमध्ये फक्त खेळाडूंच्या घरचे, तेही मोजके. सीझन तिकीटवाल्यांना सांगितलं होतं, पैसे परत घ्या, पुढच्या वर्षाला वळते करा, नाहीतर कॉलेजला देणगी द्या. वर आणखी एक खूळ होतं. फोटो पाठवा, पैसे भरा, तुमचा पुठ्ठ्याचा कटआउट तुमच्या खुर्चीवर बसवतो. माझ्या टेबलामागे पुठ्ठ्याच्या माणसांची थप्पी लागली होती. त्यात दोन कुत्रे होते आणि एक वारलेले आजोबाही.

५ डिसेंबरला, शनिवारी, संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सामना होता. त्याआधी सकाळी अकराला सीझन तिकीटवाल्यांशी झूमवर बोलणं ठरलं होतं. आमच्या डायरेक्टरबाई बोलणार आणि मी चॅटमधले प्रश्न वाचून दाखवणार. पावणेनऊला फोन आला की पाहुण्या संघात एकाची टेस्ट पॉझिटिव्ह आली, सगळा संघ विलगीकरणात, येत नाही.

तासाभरात दुसरा फोन. एका मोठ्या विद्यापीठाचाही प्रतिस्पर्धी ऐनवेळी गळाला होता. उद्या दुपारी आमच्याकडे खेळायला या, पैसे देतो. बसने चार तासांचा रस्ता.

ही पैशाची गोष्ट जरा सांगायला हवी. पहिल्या श्रेणीत साडेतीनशेच्या आसपास कॉलेज संघ आहेत आणि ते कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेले आहेत. हंगामाचा मोठा भाग प्रत्येक जण आपल्या गटात खेळतो. त्याआधीचे, गटाबाहेरचे सामने ज्याचे त्याने फोनाफोनी करून जमवायचे. मोठी विद्यापीठं छोट्यांना पैसे मोजून बोलावतात. छोटे जातात, बहुतेक वेळा सडकून हरतात आणि चेक घेऊन परत येतात. एरवी एका सामन्याचा चेक ८०-९० हजार डॉलरच्या घरात असतो. त्यातून आमच्या पोहणाऱ्या पोरींचा, धावणाऱ्या पोरांचा प्रवास निघतो. त्या वर्षी तर १२ मार्चला राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाली होती. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची शिखर संस्था. त्यामुळे तिने पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांना एरवीच्या ६० कोटींऐवजी २२.५ कोटी डॉलरच वाटले. आमच्या वाट्याला काय आलं असेल, ते समजा.

शिवाय नियम बदललेले. हंगाम १० ऐवजी २५ नोव्हेंबरला सुरू झाला. मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी विचार व्हायचा तर किमान १३ सामने झालेच पाहिजेत, आणि त्यात निदान ४ गटाबाहेरचे असावेत अशी शिफारस होती. डिसेंबरात आमच्यासारख्यांचं सगळं लक्ष त्या आकड्यांवर.

अकराला बाईंनी दोन्ही बातम्या सरळ सांगून टाकल्या आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" हे विचारायला नको होतं, असं माझं आजही मत आहे.

पहिले बोलले ते निवृत्त गणित शिक्षक. मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणते. त्यांचा मुद्दा पैशाचा नव्हताच. सगळे आपापल्याच गटात खेळत बसले तर कुठला गट भारी आणि कुठला हलका, हे ठरवणार कसं? संघांची क्रमवारी लावणारं नेट नावाचं जे गणित आहे, ते गटाबाहेरच्या सामन्यांच्या धाग्यांवरच उभं आहे. धागे कमी झाले की आपल्यासारख्या गटाला कुणी विचारत नाही. "हरलो तरी जायला हवं," मास्तर म्हणाले, "चाळीसने हरू नका म्हणजे झालं."

ट्रॅक्टर विकणारे एक गृहस्थ म्हणाले, मिलानची पोरंही घाबरून घरी बसली असती तर? त्यावर चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, मिलानच्या पोरांना विषाणू आडवा आला नव्हता. दुसऱ्याने विचारलं, मला हॉलमध्ये पाऊल टाकता येत नाही, मग हा संघ खेळतोय कुणासाठी? मी प्रश्न वाचून दाखवत होते आणि चॅट माझ्यापुढे पळत होतं.

मग एका नर्सबाईंनी हात वर केला. त्या वॉर्डातूनच बोलत होत्या, मास्क गळ्याशी ओढलेला. "माझ्याकडे एक खाट रिकामी नाही. तुम्ही पोरांना बसमध्ये कोंबून चार तास दुसऱ्या गावाला नेणार, कशासाठी, तर चेकसाठी. त्यातला एक डॉलर तरी पोरांच्या हातात पडणार आहे का?" नव्हता पडणार. खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली ती पुढच्या जुलैत.

साडेअकराच्या सुमारास चॅटमध्ये एकदम ओळींवर ओळी आल्या. गोंझागा-बेलर रद्द! देशातला पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचा संघ, एक वाजता इंडियानापोलिसला भिडणार होते, आमच्यापासून दीड तासाच्या अंतरावर. सामन्याला जेमतेम दीड तास उरला असताना थांबवला, कारण गोंझागाकडे एक खेळाडू आणि एक कर्मचारी पॉझिटिव्ह निघाले.

मला वाटलं, वाद मिटला. कुठला मिटतोय. नर्सबाई म्हणाल्या, त्या दोघांना नाही जमलं, ते तुम्हाला जमणार? मास्तर म्हणाले, उलट व्यवस्था चालली असंच दिसतंय. टेस्ट केली, सापडलं, सामना थांबवला. त्यावर नर्सबाई लगेच, "गोंझागा बुधवारी त्याच गावात वेस्ट व्हर्जिनियाशी खेळलेत. तेव्हा कुणाला काय होतं, हे तुमचं गणित सांगतं का?" मास्तर गप्प झाले. त्यांना गप्प झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

या गोंधळात माझ्या फोनवर ऑफिसचा मेसेज आला. ३० माणसांची जेवणाची पाकिटं सांग, बस दोनला निघते. म्हणजे ठरून गेलं होतं. कोचने सकाळीच पोरांना विचारलं होतं आणि पोरं एका पायावर तयार होती. डायरेक्टरबाईंच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. एका खिडकीत मी सँडविचची ऑर्डर भरत होते, तीत दोन शाकाहारी, आणि दुसऱ्या खिडकीत लोक जावं की न जावं यावर तावातावाने भांडत होते. मिरजेला माझा भाऊ महिनाभर आधी दुबईतल्या रिकाम्या स्टेडियमातल्या आयपीएलवर असाच भांडायचा, आणि त्यालाही कुणी विचारलेलं नव्हतं. पण हे लोक नुसता टाइमपास करत नव्हते. मार्चपासून त्यांना कशावरच मत विचारलं गेलं नव्हतं, आज कुणीतरी विचारलं होतं. ते ऑर्डर घेणारं पान मी स्क्रीनच्या कोपऱ्यात सरकवून ठेवलं, उगाच.

शेवटी एक बाई बोलल्या, ज्यांना बहुतेक जण ओळखत नव्हते. आमच्या संघात गार्डच्या जागी खेळणाऱ्या एका मुलाची आई, ओहायोतून. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला बाकीचे विद्यार्थी घरी पाठवले, होस्टेलमध्ये फक्त संघ उरलाय, म्हणाल्या. मुलगा जुलैपासून घरी आलेला नाही. खोलीत एकटा जेवतो, एक दिवसाआड नाकात काडी घालून घेतो. "तुमचं सगळं बरोबर असेल. पण खेळायचं नसेल तर मग त्याला घरी पाठवा. खेळ नाही आणि घरही नाही, असं करू नका."

यावर नर्सबाईंनी मान हलवली. होकार होता की नकार, ते त्या चौकोनात कळलं नाही. डायरेक्टरबाईंनी सगळ्यांचे आभार मानले आणि संघ जाणार असल्याचं सांगितलं. चॅटमध्ये दोघांनी तिथल्या तिथे पैसे परत मागितले. एकाने विचारलं, आजचा सामना झाला नाही, मग माझ्या पुठ्ठ्याचं काय?

रविवारी आम्ही हरलो. चाळीसने नाही, पण मास्तरांना समाधान वाटावं असंही नाही. त्या आठवड्यात आमच्या पोरांच्या टेस्ट निगेटिव्ह आल्या. यात शहाणपण किती आणि नशीब किती, ते मी ठरवू शकत नाही.

सोमवारी नर्सबाईंचा फोन आला. पैसे परत हवे होते, सगळे. मी फॉर्म भरून घेतला. सामना आपण पाहिला नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "दुसऱ्या हाफमध्ये झोन डिफेन्स का सोडला, ते कोचला विचार एकदा."