पुसलेल्या आठ मात्रा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि मला संगीताच्या तासाखेरीज काही आठवेचना. इमारत, प्रार्थना, मधली सुट्टी यावर बाकीचे लिहितीलच. मी संगीताच्या सरांवर लिहितो.

थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचा आश्रम आपल्या नाशकात होता, हे सर दरवर्षी अभिमानाने सांगत. त्यामुळे आमच्याकडे स्वर लिहायची पलुस्कर लिपी आधी, भातखंडे लिपी मागून. पलुस्कर लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, खालच्या सप्तकातला स्वर; भातखंडे लिपीत तेच टिंब म्हणजे तार, वरच्या सप्तकातला! नवी पोरं हमखास फसायची. फळ्यावर नवी सरगम आली की पेटी बंद, हातावर सोळा मात्रांचा त्रिताल, आणि चुकलं तरी मागे फिरायचं नाही. डोळा गळ्याच्या एक मात्रा पुढे हवा, असं सर म्हणत.

एकदा भूप रागाची सरगम वाचून होताच सरांनी खालीपासूनचा, म्हणजे नवव्या मात्रेपासूनचा भाग पुसून टाकला. “आठ मात्रा तुमच्या. भूपाबाहेरचा स्वर नको, आणि समेवर या.” सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. आम्ही सगळ्यांनी आरोह-अवरोहच भरले. मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक जण मात्र ‘गरेसा गरेसा गरेसा’ म्हणून मोकळा झाला. नवव्या मात्रेपासून एकेक स्वर मोजा; शेवटचा सा बरोबर समेवर पडतो. तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येणं, आम्हाला तोवर शिकवलीही नव्हती. सरांनी शाबासकी दिली नाही. “आता हेच पाचव्या मात्रेपासून कर,” एवढंच. पठ्ठ्या पुढच्या भूगोलाच्या तासाला बोटं मोजताना पकडला गेला, पण उत्तर काढूनच: दोन ‘गरेसां’च्या मध्ये दोन-दोन मात्रा थांबायचं.

मी आज मुंबईत रेकॉर्डिंगला कीबोर्ड वाजवतो. नोटेशनचा कागद हातात पडला की लगेच टेक, आणि मध्ये कुठेतरी ‘इथे तुम्हीच काहीतरी भरा’ म्हणून जागा सोडलेली. इतरांना तिथे घाम फुटतो. मला सरांचा डस्टर दिसतो.

हल्लीची मुलं मोबाइलवरचं गाणं हरकतींसकट उचलतात. गळे आमच्यापेक्षा तयार आहेत, पण नवा कागद समोर ठेवला की अडतात. आपल्याकडेही संगीताला आता आठवड्याचा एकच तास उरलाय म्हणे. सर असते तर मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बसले असते!

सरांच्या अक्षरातल्या सरगमच्या वह्या कुणाकडे असतील तर समितीकडे द्याव्यात. झेरॉक्सचा खर्च माझा.