नऊ दिवस गॅरेजात, आणि दोष निघाला अर्थच्या वायरीत

गाडी २००४ ची पेट्रोल हॅचबॅक, वडिलांनी घेतलेली. एप्रिलमध्ये खंबाटकी घाट आरामात चढली, पण साताऱ्यात ट्रॅफिकमध्ये थांबलो की टेंपरेचरचा काटा वर, गाडी हलली की परत खाली.

गॅरेजला दिली आणि तिथेच सगळं अडकलं. आधी थर्मोस्टॅट (इंजिनचं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला, मग रेडिएटर साफ केला, तरी तेच. मग म्हणे हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं सील) गेलंय, हेड उतरवायला लागेल. मी विचारलं सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय का, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा आहे का, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात का, तर तिन्हीला नाही, तरी वर "जुनी गाडी आहे साहेब, चालायचंच". या वाक्याचा मला अजून राग येतो. रोज फोन केला की "उद्या बघतो". दोनदा सांगितलं की हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा लगेच उडी मारतो, अहो एका सेकंदात पाणी कसं तापेल, हे वायरिंगचंच आहे! कोणी ऐकूनच घेतलं नाही. नवव्या दिवशी गाडी तशीच घरी आणली.

रविवारी मल्टिमीटर घेऊन बसलो. रेडिएटरचा फॅन फिरत होता पण मंद, बॅटरीवरून डायरेक्ट वायर दिली तर जोरात, म्हणजे मोटर चांगली. मग फॅन आणि हेडलाइट दोन्ही चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावली, तर १.८ व्होल्ट! तिथे ०.२ च्या आत हवं, म्हणजे बाकीचे व्होल्ट वाटेतच वाया. मायनसवरून बॉडीला जाणारी वायर, म्हणजेच अर्थ, वरून धडधाकट, थिंबलच्या (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आत नुसती हिरवी पावडर. नवी वायर टाकली, पत्रा पॉलिश पेपरने घासला, बोल्ट आवळला. फॅनचा तो जोरातला आवाज ऐकून इतकं बरं वाटलं!

हो, फॅनजवळ हात घालताना बॅटरीची वायर काढा, काही गाड्यांत चावी बंद असली तरी फॅन अचानक सुरू होतो. गरम रेडिएटरचं झाकण तर अजिबात उघडू नका. आणि तुमची गाडी हायवेला तापत असेल तर फॅनच्या मागे लागू नका, तिथे वाराच पुरतो, रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट, वॉटर पंप हे बघा.

मीटर आता डिकीतच असतो. बॅटरीचं चार्जिंगही त्यानेच बघतो, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट.