न्यू जर्सीचं मेडिकल कॅनबिस कार्ड

आज दिवसभर उपचारासाठी कॅनबिस (म्हणजे गांजा) घेण्याच्या या कार्डाचे अर्जच भरत होतो, तेव्हा ताजं आहे तोवर लिहितो.

आधी राज्याच्या कार्यक्रमात नोंदलेला डॉक्टर गाठायचा. कॅन्सर, एपिलेप्सी, जुनाट दुखणं असे पात्र आजार तपासून तो रेफरन्स नंबर देतो. त्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. मग फोटो, सरकारी ओळखपत्र, राज्यातल्या पत्त्याचा पुरावा. आपल्या लोकांचं घोडं नावात अडतं: लायसन्सवर मधलं नाव नवऱ्याचं किंवा वडिलांचं, डॉक्टरांच्या नोंदीत नुसतं आद्याक्षर. तपासणीच्या वेळीच लायसन्स समोर ठेवून अक्षरन् अक्षर जुळवून घ्या.

कार्डावर 30 दिवसांत कमाल 3 औंस कॅनबिस घेता येतं. विमा पैसे देत नाही, पण विक्रीकर माफ. कॅनबिसच्या खायच्या गोळीचा असर यायला 2 तासही लागतात. "काहीच होत नाही" म्हणून दुसरी खाल्ली की रात्रभर चक्कर. ज्येष्ठांनी 2.5 मिलिग्रॅम टीएचसीपासूनच (कॅनबिसमधला नशा आणणारा घटक) सुरुवात करावी.

एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, कळकळीची विनंती. राज्याने परवानगी दिली तरी कॅनबिसमुळे नागरिकत्व अडू शकतं, हे अमेरिकेच्या केंद्रीय इमिग्रेशन खात्याने 2019 मध्ये लेखी स्पष्ट केलं होतं. आणि भारतात येताना बॅगेत एक गोळीसुद्धा नको.