डाव्या हाताला उत्तर

उर्दूच्या क्लासला जायला लागलो, तेव्हा चारपैकी दोनच दिशा माझ्या ओळखीच्या निघाल्या. मशरिक म्हणजे पूर्व, मगरिब म्हणजे पश्चिम. त्यातही मगरिब आमच्या गल्लीतल्या मशिदीमुळे. दिवस मावळला की तिथे मगरिबची अजान होते आणि आमच्याकडे आई देवापुढे दिवा लावायला उठते. उत्तरेला मात्र शुमाल म्हणायचं, हे नवीनच.

कोश उघडला. शब्द मूळचा अरबी, आणि त्याचाच सख्खा भाऊ शिमाल म्हणजे चक्क डावा हात! दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीत जाऊन उगवतीकडे तोंड करून उभा राहिलो. डावा हात पसरला, तो बरोबर उत्तरेला, पाण्याच्या टाकीकडे. मग उजवा पसरला आणि एकदम आठवलं, आपल्या दक्षिणेचाही अर्थ उजवीच की! प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो तो उगीच नाही. पूर्व म्हणजे पुढची, पश्चिम म्हणजे मागची. म्हणजे अरब काय नि आपण काय, दिशांना नावं ठेवताना सूर्याकडे तोंड करूनच उभे होतो. यमन देशाचं नावसुद्धा यमीनशी, म्हणजे उजव्या हाताशी जोडतात. तसं पाहिलं तर यमन आणि आपलं दख्खन एकमेकांचे नामबंधूच.

राहिला जुनूब, म्हणजे दक्षिण. त्याचं नातं बाजूशी, कुशीशी. ठीक आहे.

मशरिकमधला 'शर्क' उगवण्याचा. 1394 मध्ये दिल्लीहून मलिक-उश-शर्क, म्हणजे पूर्वेचा स्वामी, अशी पदवी मिरवत मलिक सरवर जौनपूरला गेला, आणि पुढे ते घराणंच शर्की झालं. पण मला खरा भावला तो मगरिबमधला 'गर्ब'. मावळणं, दूर जाणं. त्यातूनच गरीब. मूळ अर्थ परका, मुलूख सोडून आलेला. आपण मराठीत शब्द घेतला तो नुसता रिकाम्या खिशाचा. बहमनी राज्यात परदेशांतून आलेल्यांना गरीब म्हणत. महमूद गवान इराणातून आलेला, व्यापारी, पुढे राज्याचा वजीर. पण इथल्या दख्खनींच्या लेखी गरीबच!

हे सगळं डोक्यात घोळत दोन्ही हात पसरून मी उभाच होतो. शेजारच्या काकू पापड वाळत घालायला वर आल्या.

"कसला व्यायाम हो हा?"

"शुमाल शोधतोय."

"शोधा, पण तो डावा हात खाली घ्या आधी. दोरीवरची साडी पडेल."